सातव्या प्रकरणातला देश

सरांची नजर एकदम गेली नाही. आधी मधला भाग गेला. समोरच्या माणसाचे कान दिसायचे, चेहरा दिसायचा नाही. पानाचा समास दिसायचा, मजकूर दिसायचा नाही. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी डॉक्टरांनी सांगितलं की आहे ते टिकवू, गेलेलं येणार नाही. सर घरी आले, खुर्चीत टेकले आणि थोरल्या बहिणीला म्हणाले, "ताई, पुस्तक राहिलं."

ताई त्यांच्याहून तीन वर्षांनी मोठ्या. चाळीस वर्षं इस्पितळात काढलेली, त्यातली शेवटची बारा हेडनर्स म्हणून. सगळी गल्ली त्यांना सिस्टर म्हणायची, आणि सिस्टरांपुढे रडगाणं गायची कोणाची छाती नव्हती. "डोळे गेलेत, जीभ शाबूत आहे," त्या म्हणाल्या. "तू सांग. लिहिणारं माणूस मी आणते."

पुस्तक तसं साधं नव्हतं. सर राज्यशास्त्र शिकवायचे, आणि जगातल्या एकोणीस देशांचा कारभार त्यांनी शेजारी शेजारी मांडायला घेतला होता. प्रत्येक देशाला तेच पाच प्रश्न: सत्ता कोणाच्या हातात आहे, ती तिथे कशी पोचली, तिला अडवतं कोण, ती खाली कशी उतरते, आणि लोकांच्या पदरात काय पडतं. एका देशात राजा होता, पण फिती कापण्यापलीकडे त्याला काम नव्हतं. एका देशात राष्ट्राध्यक्ष वेगळा निवडायचे आणि सभागृह वेगळं, मग दोघं पाच वर्षं एकमेकांची वाट अडवून बसायचे. एक डोंगराळ देश असा, की साधा बोगदा खणायचा तरी सगळ्या गावांचं मत घ्यायचे. कुठे एकच पक्ष, कुठे लष्कर, कुठे दर दीड वर्षाला कोसळणारं आघाडीचं सरकार. चौतीस वह्या भरल्या होत्या, आणि सरांचं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. ते त्यांनाच लागायचं, आणि आता त्यांनाही लागत नव्हतं.

सिस्टरांनी माणूस आणलं ते कचेरीबाहेरून. पेन्शनच्या दाखल्यासाठी गेल्या असताना त्यांनी तिथल्या टपरीत एक बाई पाहिली होती. पंचेचाळिशीच्या आसपासची, नजर गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे आणि बोटं टाइपरायटरवर. अर्ज, प्रतिज्ञापत्रं, भाडेकरार. दाखला टाइप होऊन आला तेव्हा सिस्टरांनी चष्मा लावून चूक शोधली आणि सापडली नाही. तिथल्या तिथे त्यांनी तिला सकाळी दहा ते एक ठरवून टाकलं.

काम मागच्या खोलीत चालायचं. एक खिडकी, तिच्यातून शेजारच्या इमारतीची पाण्याची टाकी दिसायची. भिंतीला वह्यांची चवड, बुटाच्या नाड्यांनी बांधलेली. सर डोळे मिटून सांगायचे. वहीतले आकडे तेवढे लागायचे, ते आले की सिस्टर भिंग घेऊन वाचून द्यायच्या, आणि पुष्कळदा त्यांनी वाचायच्या आधीच सरांच्या तोंडून आकडा बाहेर पडायचा. दुपारी चार वाजता झालेली पानं सिस्टर मोठ्यांदा वाचत, सर ऐकत आणि दुरुस्त्या सांगत.

पहिल्या आठवड्यातच सरांना कळलं की बाई नुसती टाइप करत नाही, ऐकतेही.

"लोकशाही म्हणजे एकत्र कुटुंब बघा बाई," ते एकदा मध्येच थांबून म्हणाले. "सगळे एकदम बोलतात, ऐकत कोणीच नाही, तरी दोन्ही वेळचा स्वयंपाक होतो."

"आणि हुकूमशाही, सर?"

"तिथे एकटाच बोलतो."

"आणि स्वयंपाक?"

"तो वेळेवर होतो. तीच तर पंचाईत आहे." सर खुशीत हसले. बाईही हसली, पण जरा उशिरा.

आपण कुठून आलो हे तिने सांगितलं नव्हतं आणि सरांनी विचारलं नव्हतं. बोलण्यात थोडा हेल होता, पण या शहरात अर्ध्या लोकांच्या बोलण्यात कसला ना कसला हेल असायचाच.

सातवं प्रकरण सातव्या आठवड्यात आलं. त्या देशावर एका मार्शलने एकतीस वर्षं राज्य केलं होतं. सरांचं हे आवडतं प्रकरण. वर्गात हाच तास ते सगळ्यांत रंगवून घ्यायचे, कारण ऐन तारुण्यात ते स्वतः तिथे जाऊन आले होते, तिथल्या विद्यापीठाचे पाहुणे म्हणून. मार्शलचा आंधळा कौतुकसोहळा त्यांनी कधी केला नाही. पहिल्या चार प्रश्नांना त्यांनी त्या राजवटीला झोडपूनच काढलं होतं. पण पाचव्या प्रश्नाशी ते म्हणायचे, की शत्रूचंही खरं ते मान्य करावं.

"घ्या बाई," सर म्हणाले. "रस्ते स्वच्छ होते. गाड्या वेळेवर होत्या. मी अनेकांशी बोललो, आणि लोक मला समाधानी दिसले. पूर्णविराम. राजवट आली तेव्हा अठ्ठावीस टक्के लोकांना लिहितावाचता येत होतं. वीस वर्षांनी हे प्रमाण ब्याऐंशी टक्क्यांवर गेलं. पूर्णविराम. इतक्या कमी काळात इतकी मजल..."

टाइपरायटर थांबला होता. सरांना दिसत नव्हतं, पण खोलीतला आवाज त्यांच्या अंगवळणी पडला होता.

"का थांबलात?"

"काही नाही सर. बोटं आखडली. सांगा."

त्यांनी वाक्य पुरं केलं. टाइपरायटर पुन्हा चालू झाला.

चार वाजता सिस्टर वाचायला बसल्या. "वीस वर्षांनी हे प्रमाण एकेचाळीस टक्क्यांवर गेलं."

"ब्याऐंशी," सर म्हणाले.

"इथे एकेचाळीस आहे."

"चुकून झालं असेल. ब्याऐंशी कर."

सिस्टरांनी कागद नाकाजवळ नेला. सात आठवड्यांत या बाईची एक वेलांटी चुकली नव्हती. "ही चूक नव्हे रे," त्या म्हणाल्या. "आकडा खाडाखोड न करता ठणठणीत बसलाय. उद्या विचार."

दुसऱ्या दिवशी बाई दहाला आली, तेव्हा सरांनी नेहमीप्रमाणे सुरुवात केली नाही. "बाई, काल एक आकडा चुकला का?"

"नाही सर."

"म्हणजे तुम्ही मुद्दाम..."

"हो."

सरांचा आवाज चढत नसे, तो थंड व्हायचा. "माझ्या पुस्तकातला आकडा? मला दिसत नाही म्हणून?"

बाईने मांडीवरचे हात एकमेकांत घट्ट धरले. "मी तिथली आहे सर," ती म्हणाली. "माझा दादा प्रगणक होता. घरोघर जाऊन माणसं मोजणारा. त्या सालची मोजणी त्याने केली. सगळ्यांनी ब्याऐंशी लिहायचं असा वरून हुकूम होता. दादाच्या वॉर्डात एकेचाळीस निघाले. त्याने एकेचाळीस लिहिले आणि खाली सही केली. आठ दिवसांनी भर दुपारी दोन माणसं कचेरीत आली आणि त्याला घेऊन गेली. टेबलावर त्याचा डबा तसाच होता. तो चार वर्षांनी परत आला."

सरांनी भिंतीकडच्या वह्यांच्या चवडीकडे तोंड वळवलं.

"माझ्याकडे त्यांच्या सरकारी वार्षिकीतला आकडा आहे," सर शेवटी म्हणाले, पण ते स्वतःशीच बोलल्यासारखं होतं.

"असेल ना. वार्षिकीत तोच छापला. लोक समाधानी दिसले असंही तुम्ही लिहिलंत. तुमच्याबरोबर कोण असायचं सर, फिरताना?"

सरांनी आठवून पाहिलं. "विद्यापीठाने एक तरुण दिला होता. भाषांतरासाठी. फार सालस मुलगा." ते थांबले. "सतत बरोबर असायचा."

"दगडापेक्षा वीट मऊ म्हणतात," बाई म्हणाली. "तुम्ही तुलना करता म्हणजे तेच बघता, कोण दगड आणि कोण वीट. पण आमच्या डोक्यात पडली ती वीट होती म्हणून कमी लागलं, असं नाही ना सर." मग ती उठली. "मी कागदात ढवळाढवळ केली, ते चुकलंच. उद्यापासून येत नाही."

"बस खाली," सिस्टर दारातून म्हणाल्या. त्या केव्हाच्या तिथे उभ्या होत्या. "याच्या डोळ्यांना मी आठ महिने थेंब घालतेय, आज पहिल्यांदा ते ओले झालेत. बस. आणि तुझ्या दादाला इकडे घेऊन ये."

दादा तिच्याच घरी राहायचा. एका मोठ्या हॉटेलच्या लाँड्रीत चादरींना इस्त्री करायचा, आणि त्या दिवसांबद्दल चकार शब्द काढायचा नाही. तिने सगळं सांगितलं तेव्हा तो बूट पुसत होता. सरांबद्दल त्याने काही विचारलं नाही.

"तू आकडा बदललास?" त्याने विचारलं.

"खोटा होता तो, दादा."

"होता. पण ते पुस्तक त्यांचं. त्यांना न सांगता तू त्यांचा आकडा काढून आपला घातलास." त्याने ब्रश खाली ठेवला. "मार्शलच्या माणसांनीही हेच केलं होतं माझ्या फॉर्मवर."

बाईला रडू कोसळलं. वीस वर्षांत दादा तिला इतकं लागेल असं कधी बोलला नव्हता. तो उठून तिच्याजवळ बसला आणि म्हणाला, "रविवारी माझी सुट्टी आहे. जाऊ आपण."

रविवारी दोघं आली. दादा उंच, खांद्यात वाकलेला, डोक्यावर एक केस नाही. इस्त्रीचा एक डाग मनगटावर. सरांनी हात पुढे केला तो भलतीकडे, आणि दादाने तो तिथून आपल्या हातात घेतला.

"मी तुमच्या देशात अकरा दिवस होतो," सर म्हणाले. "आणि पंचवीस वर्षं पोरांना ते अकरा दिवस शिकवले. तुमच्यासारखी माणसं तेव्हा आत होती. मी ते प्रकरण फाडून टाकतोय."

"फाडू नका," दादा म्हणाला.

"का?"

"आमची आई त्या राजवटीत वाचायला शिकली. पन्नाशीत. संध्याकाळचे वर्ग असायचे, शिक्षक घरी बोलवायला यायचे. ती दुकानांच्या पाट्या वाचत चालायची, आणि आम्हाला लाज वाटायची. ते खरं आहे. ते लिहा."

बाईने दादाकडे वळून पाहिलं. "आईला वाचता यायला लागलं आणि तिला पहिली चिठ्ठी आली ती तुझ्या तुरुंगातून," ती म्हणाली. "त्याचंही श्रेय द्यायचं का त्यांना?"

"श्रेय द्या असं मी म्हणत नाही. मोजा म्हणतोय." दादा पुन्हा सरांकडे वळला. "अठ्ठावीसचे एकेचाळीस झाले असं धरलं, तरी तेही पुष्कळ होतं. तेवढंच सांगितलं असतं तरी मार्शलला मिरवता आलं असतं. त्यांना ते पुरेना."

सर खुर्चीत पुढे सरकले होते. "मग प्रमाण एकेचाळीस असं लिहू?"

"नाही. एकेचाळीस माझ्या वॉर्डाचे. दोन हजार तीनशे सहा प्रौढ माणसं. प्रत्येकापुढे तीन ओळींचं कार्ड धरायचं, वाचलं तर खूण करायची. शेजारच्या वॉर्डात काय निघालं ते मला माहीत नाही, कारण तिथल्या प्रगणकाने हुकूम पाळला. त्याला तीन पोरं होती, मी त्याला नावं ठेवत नाही. देशाचा आकडा कोणालाच माहीत नाही, सर. तसंच लिहा."

सिस्टर चहा घेऊन आल्या, आणि कप हातात देताना दादाच्या मनगटाकडे पाहून म्हणाल्या, "हा डाग इस्त्रीचा. आणि वरचा?"

"तो नाही इस्त्रीचा," दादा म्हणाला.

सिस्टरांनी पुढे विचारलं नाही. त्यांनी त्याची बाही नीट खाली ओढली, जशी इतकी वर्षं इस्पितळात अनोळखी माणसांची ओढली होती, आणि चहात साखर किती ते विचारलं.

निघताना सरांनी त्याला तो प्रश्न विचारलाच, जो आयुष्यभर परीक्षेत इतरांना घातला होता. "तुम्ही दोन्हीकडे राहिलात. तिथलं पाहिलंत, इथलं पाहताय. तुम्हाला कुठली पद्धत बरी वाटते?"

दादाने डोकं खाजवलं. "इथले लोक फार तक्रारी करतात," तो म्हणाला. "आमचा मुकादम रोज सरकारला शिव्या घालतो. बसला उशीर झाला, शिवी. नळाला पाणी कमी, शिवी. मला आधी वाटायचं, या माणसाला समजवायला हवं. मग बघितलं, तो शिव्या घालतो आणि पाच वाजता सायकलवर टांग मारून घरी जातो. दुसऱ्या दिवशी परत येतो. पहिली दोन वर्षं मी रोज सकाळी बघायचो, आला का म्हणून." त्याने चप्पल पायात घातली. "बाकी मला काही कळत नाही, सर."

सातवं प्रकरण पुन्हा लिहायला पाच आठवडे लागले. त्याची सुरुवात आता अशी होती: मी या देशात अकरा दिवस होतो, आणि मला एकट्याला कधी सोडलं गेलं नाही. साक्षरतेच्या रकान्यात आकड्याच्या जागी रेघ आली, आणि तळटीपेत एका वॉर्डाची हकीकत. दादाचं नाव घातलं नाही, कारण त्याच्या आत्याची मुलं अजून तिकडे होती.

गोष्ट तिथेच थांबती तर प्रकाशकाचं रक्त इतकं आटलं नसतं. पण दादा आता दर रविवारी येऊ लागला. बहीण टाइप करायची आणि तो तयार पानं वाचायचा, बोट ठेवून, रकाना रकाना. एका रविवारी आघाडी सरकारांच्या प्रकरणावर त्याने विचारलं, "इथे किती दिवस होतात, सर?"

"तिथे गेलोच नाही," ते म्हणाले. "वाचून लिहिलंय."

"मग तिथलं कोणी भेटतं का बघू."

भेटलं. सिस्टरांच्या जुन्या इस्पितळात एक वॉर्डबॉय त्या देशातला होता, सहा सरकारं पाहिलेला आणि सहाही पंतप्रधानांच्या नकला करणारा. राजा असलेल्या देशातली एक शिंपीण निघाली, दोन गल्ल्या सोडून. तिला राजाबद्दल एक वाकडा शब्द खपत नव्हता, आणि सरांनी तिचं म्हणणंही लिहून घेतलं. डोंगराळ देशातला घड्याळजी म्हणाला की सारखं मत देऊन देऊन लोक कंटाळतात, त्याची आई तर मतपत्रिका न वाचताच भरायची. सर पोट धरून हसले आणि म्हणाले, "हेही घ्या, बाई."

ज्यांच्याबद्दल विचारायला कोणीच सापडलं नाही असे पाच देश त्यांनी गाळले. प्रकाशक घरी येऊन भांडला. तुलनेचं पुस्तक आहे की गप्पांचा फड, असं त्याने विचारलं. सर म्हणाले, उरलेल्या चौदा देशांचे तक्ते सगळे आहेत, फक्त प्रत्येक तक्त्याखाली एक माणूस बसवलाय. प्रकाशकाने कपाळाला हात लावला, पण त्याच सरांच्या हाताखाली तो शिकला होता. दोन महिन्यांत यायचं पुस्तक दोन वर्षांनी आलं.

पन्नास प्रती घरी आल्या त्या दिवशी सरांची दृष्टी जवळजवळ उरली नव्हती. त्यांनी पुस्तक हातात घेतलं, वास घेतला, कडेवरून अंगठा फिरवला. सिस्टरांनी पहिलं पान वाचून दाखवलं. त्यात टायपिस्ट बाईंचे आभार होते, "ज्यांनी माझा एक आकडा बदलला" असे. बाईने मान खाली घातली, आणि मग हळूच दादाकडे पाहिलं. तो ऐकत नव्हता. तो खिडकीशी बसून पानं उलटत होता.

"पान दोनशे बारा," तो म्हणाला. "सभागृहाच्या जागा एकशे पासष्ट छापल्यात. एकशे छप्पन्न आहेत."

"अरे देवा," बाई म्हणाली. "मी नीट टाइप केलं होतं."

"छापताना झालं असेल," सर म्हणाले. "जाऊ दे. नऊ जागांनी कोणाचं राज्य बुडत नाही. कोणाच्या लक्षात येणार आहे?"

पुस्तक दादाच्या हातात तसंच उघडं राहिलं. ते मिटल्याचा आवाज आला नाही, हे सरांच्या कानांनी टिपलं.

"ताई," ते म्हणाले, "पेन दे त्याला."

दादाने पन्नास प्रती जमिनीवर रांगेत मांडल्या आणि पान दोनशे बारावर एकेक आकडा बारीक रेघ मारून दुरुस्त केला. बाई प्रती उघडून देत होती, तो लिहीत होता, आणि सिस्टर शाई वाळेपर्यंत पान धरून ठेवत होत्या. शेवटची प्रत मिटून त्याने विचारलं, "बाकीच्या कुठे आहेत?"

"गोदामात. नऊशे पन्नास."

दादाने मनाशी हिशेब केला. लाँड्रीतून तीन दिवस रजा मिळाली असती. प्रकाशकाने फोनवर आधी नाही म्हटलं, मग दुरुस्तीची चिठ्ठी चिकटवू म्हटलं, आणि शेवटी वैतागून म्हणाला, "या बाबा, किल्ली देतो, पण जेवण घरून आणा."

सोमवारी सकाळी भाऊबहीण डबा घेऊन गोदामाच्या दाराशी उभी होती.